मृताचा बचाव कोण करणार? नौदल-दुर्घटनांची चौकशी आणि दोषनिश्चितीचा प्रश्न

प्रस्तावना

एखादी मोठी दुर्घटना घडली की समाज दोन प्रश्न विचारतो. पहिला, हे कसे घडले? दुसरा, हे कोणी केले? वरवर पाहता हे दोन्ही प्रश्न एकच वाटतात, परंतु त्यांची उत्तरे शोधण्याच्या वाटा भिन्न आहेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर यंत्र, पदार्थ, नियम आणि परिस्थिती यांच्या परीक्षणातून मिळते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळविण्याची घाई झाली की परीक्षण मागे पडते आणि एखादे नाव पुढे येते. ते नाव पुष्कळदा दुर्घटनेत प्राण गमावलेल्या व्यक्तीचे असते. कारण मृत व्यक्ती उत्तर देऊ शकत नाही.

नौदलाच्या बाबतीत हा धोका अधिक संभवतो. स्फोटात पुरावा नष्ट होतो, प्रत्यक्षदर्शी उरत नाहीत, घटनास्थळ सर्वसामान्यांना बंद असते आणि चौकशी करणारी यंत्रणा बहुधा स्वतः नौदलच असते. मुंबई हे बंदराचे आणि नौदल गोदीचे शहर असल्याने हा प्रश्न आपल्यापासून दूरचा नाही. प्रस्तुत लेखात मुंबई बंदरातील १९४४ चा स्फोट, अमेरिकेच्या ‘आयोवा’ या युद्धनौकेवरील १९८९ चा स्फोट आणि मुंबई नौदल गोदीतील ‘सिंधुरक्षक’ पाणबुडीची २०१३ ची दुर्घटना या तीन घटनांच्या आधारे दोषनिश्चितीच्या प्रक्रियेचा विचार केला आहे. पुरावा अपुरा असताना व्यक्तीवर दोष ठेवणे हा त्या व्यक्तीवर अन्याय तर आहेच. शिवाय त्यामुळे खरे कारण शोधण्याचा मार्गही बंद होतो, हे या लेखाचे प्रतिपाद्य आहे.

मुंबई, १४ एप्रिल १९४४ : नाव नसलेला दोषी

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ‘फोर्ट स्टिकीन’ हे मालवाहू जहाज कराचीमार्गे १२ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत दाखल झाले. त्यावर सुमारे १४०० टन स्फोटके होती, तसेच कराचीला चढविलेल्या कापसाच्या हजारो गासड्या होत्या. १४ एप्रिलच्या दुपारी जहाजाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या तळघरातून धूर येताना दिसला. अग्निशमन दलाने शेकडो टन पाण्याचा मारा केला. पण कापसाची आग आतल्या आत धुमसत राहिली. दुपारी ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला आणि त्यानंतर सुमारे अर्ध्या तासाने दुसरा, अधिक प्रचंड स्फोट झाला. सिमला येथील भूकंपमापक यंत्रावर त्याची नोंद झाली. मृतांच्या संख्येचे अंदाज आठशेपासून तेराशेपर्यंत आहेत. अग्निशमन दलाचे ६६ जवान कर्तव्य बजावताना मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो.

प्रथम संशय घातपाताचा होता. युद्धकाळात तो स्वाभाविकच होता. चौकशीत मात्र घातपाताचा पुरावा मिळाला नाही. कापूस अपघाताने पेटला असावा आणि त्याचे संभाव्य कारण एखाद्या पेटत्या सिगारेटचे थोटूक असावे, असे मानले गेले. येथे लक्षात घेण्याची बाब अशी की, थोटूक टाकणारा कोण हे कधीच निश्चित झाले नाही. लोकस्मृतीत मात्र ‘कोणा कामगाराची विडी’ एवढेच शिल्लक राहिले. एका व्यक्तीऐवजी एका श्रमिक वर्गावरच हा दोष अलगद जाऊन बसला. घाटावरून आणि कोकणातून आलेला, गोदीत हमाली करून परळ-लालबागच्या चाळीत राहणारा माणूस या वर्णनात सहज सामावत होता.

सिगारेटचे थोटूक हे फार तर तात्कालिक कारण होय. स्फोटके आणि कापूस एकाच तळघरात का ठेवले गेले? अशा जहाजाला भर वस्तीलगतच्या गोदीत का आणले गेले? आग लागल्यानंतर जहाज बुडवावे, बाहेर समुद्रात न्यावे की पाणी मारीत राहावे, याचा निर्णय घेण्याचा अधिकार नेमका कोणाकडे होता? जहाजाचे कप्तान, बंदर प्रशासन, लष्करी अधिकारी आणि अग्निशमन दल हे सर्व घटनास्थळी असूनही एकमुखी सूत्रचालन नव्हते. थोटकाच्या कथेपेक्षा हे प्रश्न अधिक मूलगामी आहेत. पण ते कथेसारखे लक्षात राहत नाहीत.

१९४४ मध्ये दोष नावाविना राहिला. दोषाला नाव मिळाले की काय घडते, याचे सर्वाधिक अभ्यासलेले उदाहरण मुंबईबाहेरचे, अमेरिकन नौदलाचे आहे. त्याकडे आता वळू.

‘आयोवा’, १९ एप्रिल १९८९ : नाव मिळालेला दोषी

१९ एप्रिल १९८९ रोजी पोर्टो रिकोजवळच्या समुद्रात तोफांचा सराव सुरू असताना ‘आयोवा’ या युद्धनौकेच्या दुसऱ्या क्रमांकाच्या तोफ-मनोऱ्यात स्फोट झाला आणि ४७ जण ठार झाले. या मनोऱ्यात १६ इंच व्यासाच्या तीन तोफा होत्या. स्फोटाचा उगम मधल्या तोफेत होता. अशा तोफेत प्रथम गोळा आणि त्यामागे दारूने भरलेल्या रेशमी पिशव्या यांत्रिक ठासणीने आत ढकलल्या जातात आणि त्यानंतर तोफेचे मागील दार बंद केले जाते. त्या दिवशी दार बंद होण्यापूर्वीच दारू पेटली.

मधल्या तोफेचा प्रमुख क्लेटन हार्टविग हा २४ वर्षांचा खलाशी होता. त्याने आपल्या विम्याचा लाभार्थी म्हणून जहाजावरील एका मित्राचे नाव दिले होते. ही बाब उघड झाल्यानंतर तपासाची दिशाच पालटली. तोपर्यंत तोफ, दारू आणि प्रशिक्षण हे विषय होते. त्यानंतर हार्टविगचा स्वभाव, त्याची मैत्री, त्याची पत्रे आणि त्याच्या आवडीनिवडी हे विषय झाले. दोघा खलाशांच्या मैत्रीला प्रेमसंबंधाचे आणि प्रेमभंगाला सूडाचे रूप देणाऱ्या बातम्या तपासयंत्रणेतून वृत्तपत्रांपर्यंत पोहोचल्या. असे संबंध असते तरी त्यावरून ४७ जणांची हत्या सिद्ध होत नाही, एवढा साधा तर्कही या गदारोळात लोपला.

केंद्रीय तपास संस्थेच्या तज्ज्ञांनी मृत हार्टविगच्या मनाचे विश्लेषण केले आणि त्याने आत्महत्येच्या हेतूने हा स्फोट घडवून आणल्याचे मत दिले. ज्याच्याशी कधी बोलणे झाले नाही, अशा व्यक्तीच्या मनाविषयी तपासयंत्रणेनेच गोळा केलेल्या कागदपत्रांवरून काढलेला हा निष्कर्ष होता. सप्टेंबर १९८९ मध्ये नौदलाने आपला अहवाल प्रसिद्ध केला. हार्टविगने पिशव्यांच्या मध्ये स्फोटक साधन ठेवून हे कृत्य ‘बहुतांशी संभाव्यपणे’ केले, असे त्यात म्हटले होते. हे साधन प्रथम विजेवर चालणारे असल्याचे सांगितले गेले. पुढे ते रासायनिक असल्याचे सांगितले गेले. साधनाचे स्वरूप बदलले, परंतु दोषी मात्र तोच राहिला. एखादा सिद्धान्त पुराव्यावरून बेतलेला आहे की पुरावा सिद्धान्तावर बेतला जात आहे, हे ओळखण्याची ही एक उत्तम खूण होय.

तांत्रिक फेरतपासणी

हार्टविगच्या कुटुंबीयांनी हा निष्कर्ष स्वीकारला नाही. अमेरिकन संसदेच्या दोन्ही सभागृहांच्या सैन्यविषयक समित्यांनी या प्रकरणाची सुनावणी केली. प्रतिनिधी-सभेच्या समितीने मानसशास्त्रज्ञांच्या एका स्वतंत्र गटाकडून मनोविश्लेषणाचे परीक्षण करून घेतले. त्यांपैकी बहुसंख्यांनी ते विश्लेषण ग्राह्य मानले नाही. १९९० मधील आपल्या अहवालात समितीने या चौकशीला तपासाचे अपयश असेच संबोधले. दुसरीकडे सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळेकडे तांत्रिक फेरतपासणी सोपविण्यात आली.

फेरतपासणीत दोन बाबी पुढे आल्या. पहिली बाब अशी की, गोळ्याच्या पट्ट्यात सापडलेले जे ‘परके’ द्रव्य रासायनिक साधनाचा पुरावा म्हणून मांडले गेले होते, त्याचे घटक मनोऱ्यात अन्यत्रही आढळणारे होते. त्यांचे स्पष्टीकरण देण्यासाठी कोणत्याही गुप्त साधनाची आवश्यकता नव्हती. दुसरी बाब अधिक महत्त्वाची होती. अवशेषांच्या मोजमापावरून असे दिसले की, दारूच्या पिशव्या नेहमीच्या जागेच्या सुमारे दोन फूट पुढे, मर्यादेबाहेर ठासल्या गेल्या होत्या. प्रत्येक पिशवीत दारूच्या कांड्यांचे थर रचलेले असतात आणि वजन जुळविण्यासाठी सर्वात वर एक सुटा, अपुरा थर असतो. या थरात कांड्या कमी असतील आणि पिशवी वेगाने दाबली गेली, तर मोजक्याच कांड्यांवर सर्व भार येऊन त्या फुटतात आणि त्यातून उडालेल्या ठिणगीने शेजारच्या पिशवीच्या तळाशी असलेली काळी दारू पेटू शकते.

ही शक्यता पडताळण्यासाठी पिशव्यांची उतरंड उंचावरून खाली सोडून आघात-चाचण्या घेण्यात आल्या. २४ मे १९९० रोजी अठराव्या चाचणीत पिशव्यांचा स्फोट झाला. कोणताही खलाशी, कोणताही हेतू आणि कोणतेही गुप्त साधन नसताना तो झाला. सतरा चाचण्यांपर्यंत काही घडले नव्हते, ही गोष्टही तितकीच बोलकी आहे. क्वचित घडणारी घटना म्हणजे न घडणारी घटना नव्हे. चाचण्या आणखी आधी थांबविल्या असत्या, तर हार्टविगवरील आरोप अधिक दृढ झाला असता.

१७ ऑक्टोबर १९९१ रोजी नौदलप्रमुख अॅडमिरल फ्रँक केल्सो यांनी जाहीर केले की, हार्टविगने हेतुपुरस्सर स्फोट घडविल्याचा पुरावा नाही आणि स्फोटाचे निश्चित कारण ठरविता येत नाही. त्यांनी हार्टविग कुटुंबाची क्षमा मागितली. दुर्घटनेला तेव्हा अडीच वर्षे झाली होती.

येथे आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. पिशव्या मर्यादेबाहेर ठासल्या गेल्या हे मान्य केले, तर ठासणी-यंत्र चालविणारा खलाशी हा नवा दोषी ठरेल काय? एका मृताची सुटका करून दुसऱ्या मृताला त्याच्या जागी बसविणे म्हणजे न्याय नव्हे. त्या दिवशी गोळा आणि दारू यांचे अनधिकृत संयोजन वापरून प्रायोगिक गोळीबार केला जात होता. दारू अनेक दशकांपूर्वी तयार केलेली होती आणि १९८८ च्या उन्हाळ्यात ती तराफ्यांवर उष्णतेत ठेवली गेली होती. खलाशांचे प्रशिक्षण अपुरे होते. शिवाय स्फोटानंतर लगेच मनोऱ्याची साफसफाई करून बराच ढिगारा समुद्रात टाकला गेला. म्हणजे पुरावा राखून ठेवण्याची जबाबदारी ज्यांच्यावर होती, त्यांच्याकडूनच तो हातचा गेला आणि पुराव्याची ही उणीव एका मृत खलाशाच्या चारित्र्याने भरून काढली गेली.

मुंबई, १४ ऑगस्ट २०१३ : ‘सिंधुरक्षक’

या पार्श्वभूमीवर पुन्हा मुंबईकडे येऊ. स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी, १४ ऑगस्ट २०१३ रोजी मध्यरात्रीनंतर दक्षिण मुंबईतील नौदल गोदीत ‘सिंधुरक्षक’ या पाणबुडीत स्फोट होऊन आग लागली. काही वेळातच पाणबुडी धक्क्यालगत बुडाली. आत असलेले ३ अधिकारी आणि १५ खलाशी, असे १८ जण मृत्युमुखी पडले. रशियातील दीर्घ दुरुस्तीनंतर ही पाणबुडी त्याच वर्षी परतली होती. २०१० मध्ये विशाखापट्टणम येथे याच पाणबुडीत बॅटरीशी संबंधित स्फोट होऊन एका खलाशाचा मृत्यू झाला होता. २०१३ च्या दुर्घटनेत उष्णता इतकी भयंकर होती की आतील लोखंड वितळले आणि मृतांची ओळख पटविण्यासाठी जनुकीय चाचण्या कराव्या लागल्या. पाणबुडी पाण्याबाहेर काढली गेली ती जून २०१४ मध्ये, म्हणजे सुमारे दहा महिन्यांनी. तोपर्यंत पुराव्याची अवस्था काय झाली असेल, याची कल्पना करता येते.

घातपाताची चर्चा येथेही झाली. मात्र तत्कालीन संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत केलेल्या निवेदनात, शस्त्रसामग्री पेटल्यामुळे स्फोट झाल्याची शक्यता दिसते, पण ती कशाने पेटली हे अद्याप सिद्ध व्हावयाचे आहे, अशी सावध भूमिका घेतली. मृतांपैकी कोणाचे नाव घेऊन दोष दिला गेला नाही, ही बाब नोंदविली पाहिजे. ‘आयोवा’च्या तुलनेत हा संयम निश्चितच स्वागतार्ह होता.

तथापि, पुढील टप्प्यावर जी शब्दावली आली ती तपासून पाहण्यासारखी आहे. प्रमाणित कार्यपद्धतींचे उल्लंघन झाले किंवा त्या पुरेशा पाळल्या गेल्या नाहीत, असे सरकारतर्फे २०१४ मध्ये संसदेत सांगण्यात आले. या वाक्यात कर्ता नाही. उल्लंघन कोणी केले, कोणत्या पातळीवर केले आणि ते का शक्य झाले, हे वाक्य सांगत नाही. जेथे कर्ता अनुपस्थित असतो तेथे वाचक आपल्या मनाने कर्ता योजतो आणि तो बहुधा पाणबुडीत शेवटी हजर असलेला माणूस असतो. पुढे नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालातून चौकशी मंडळाचे काही निष्कर्ष बाहेर आले. खलाशांच्या थकव्याचा योग्य अंदाज संबंधित अधिकाऱ्यांनी घेतला नव्हता आणि पाणबुडीवरील संमिश्र शस्त्रसामग्रीपैकी काहींची आयुर्मर्यादा संपत आली होती, असे त्यांतून समजले. ‘खलाशी चुकला’ आणि ‘खलाशी थकलेला होता व ते कोणी पाहिले नाही’ या दोन विधानांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिले विधान खलाशापाशी थांबते. दुसरे कामाच्या नियोजनापर्यंत पोहोचते आणि म्हणून सुधारणेस उपयोगी पडते.

२६ फेब्रुवारी २०१४ रोजी मुंबईजवळच्या समुद्रात ‘सिंधुरत्न’ पाणबुडीत धूर होऊन दोन अधिकारी मृत्युमुखी पडले. त्याच दिवशी नौदलप्रमुख अॅडमिरल डी. के. जोशी यांनी नैतिक जबाबदारी स्वीकारून राजीनामा दिला. जबाबदारी शिडीच्या सर्वात खालच्या पायरीवर न ढकलता सर्वात वरच्या पायरीवर घेण्याचे हे दुर्मीळ उदाहरण होय. अर्थात राजीनाम्याने कारणमीमांसा पूर्ण होत नाही. पण खालच्या माणसाला बळी देण्याचा मोह तरी त्याने कमी होतो.

मृताची प्रतिष्ठा आणि भारतीय कायदा

मृत व्यक्तीला प्रतिष्ठा असते काय? भारतीय कायद्याचे उत्तर होकारार्थी आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम ४९९ च्या पहिल्या स्पष्टीकरणानुसार, हयात असता तर ज्याच्या लौकिकास बाध आला असता अशा मृत व्यक्तीवर, तिच्या कुटुंबीयांच्या भावना दुखविण्याच्या उद्देशाने केलेला आरोप हीदेखील अब्रुनुकसानी ठरू शकते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये ही तरतूद कायम आहे. तसेच १९५२ च्या चौकशी आयोग अधिनियमातील कलम ८-ब नुसार, ज्या व्यक्तीच्या लौकिकावर चौकशीचा प्रतिकूल परिणाम होण्याची शक्यता आहे, तिला आपली बाजू मांडण्याची संधी देणे आवश्यक आहे. किरण बेदी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये या संधीचे महत्त्व अधोरेखित केले. योगायोग असा की, ज्या वर्षी आपल्याकडे हा निर्णय झाला, त्याच वर्षी हार्टविगला बाजू न मांडता दोषी ठरविले गेले.

परंतु कलम ८-ब जिवंत व्यक्ती डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले आहे. मृताच्या वारसांचा त्यात स्पष्ट उल्लेख नाही. शिवाय नौदलाचे अंतर्गत चौकशी मंडळ हा या अधिनियमाखालील आयोग नव्हे. त्याचा अहवाल सुरक्षेच्या कारणास्तव बंद राहू शकतो. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मधील कलम ८(१)(अ) अशा माहितीला संरक्षण देते. मात्र कलम ८(२) नुसार लोकहित अधिक वजनदार असेल तर माहिती देता येते. शस्त्रसामग्रीचे तपशील गुप्त ठेवणे समजण्यासारखे आहे. पण ज्याचा मुलगा त्या पोलादी नळकांड्यात गेला, त्या पित्याला ‘तो चुकला होता काय’ या प्रश्नाचे उत्तर मिळू नये, हे कोणत्या गुप्ततेत बसते?

दोषनिश्चितीचे काही निकष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निकष मांडता येतात.

१) ‘कसे’ या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याशिवाय ‘कोणी’ या प्रश्नाकडे जाऊ नये. हेतूचा शोध हा तांत्रिक पुराव्याला पर्याय ठरू शकत नाही.

२) घटनास्थळ आणि अवशेष राखून ठेवणे ही चौकशीची पहिली पायरी होय. पुरावा ज्यांच्या ताब्यात असताना नष्ट झाला, त्यांना त्या उणिवेचा लाभ मिळू नये.

३) ज्या संस्थेच्या कारभाराची चौकशी आहे, तिच्याबाहेरील तज्ज्ञांकडून निष्कर्षांची फेरतपासणी व्हावी.

४) मृत व्यक्तीवर दोष ठेवण्याची शक्यता निर्माण होताच तिच्या वतीने बोलणारा प्रतिनिधी नेमावा आणि कुटुंबीयांना पुरावा पाहण्याची संधी द्यावी.

५) कारण निश्चित होत नसेल, तर तसे स्पष्ट लिहावे. ‘माहीत नाही’ हा चौकशीचा पराभव नव्हे. खोटे उत्तर हा मात्र निश्चितच पराभव होय.

समारोप

आपल्यापैकी अनेकजण कधी ना कधी महाविद्यालयातील एखाद्या चौकशी समितीवर बसतात. परीक्षेतील गैरप्रकार, प्रयोगशाळेतील अपघात, सहलीतील दुर्घटना अशी प्रकरणे आपल्यापुढे येतात. तेथे तोफा नसतात, पण चौकशीची यंत्रणा तीच असते. घाई असते, वरून विचारणा असते, वर्तमानपत्राची भीती असते आणि समोर एखादा गप्प बसलेला विद्यार्थी वा शिपाई असतो. ‘त्याचे वागणे आधीपासूनच संशयास्पद होते’ हे वाक्य अशा वेळी सहज उच्चारले जाते. हार्टविगविषयी नेमके हेच म्हटले गेले होते.

चौकशी अहवाल हा मृताच्या आयुष्याचा शेवटचा अधिकृत दस्तऐवज असतो. त्यात काय लिहिले आहे हे मृताला कळणार नसते. ते त्याच्या आईवडिलांना, पत्नीला आणि मुलांना वाचावे लागते. मुंबई बंदरातील त्या अज्ञात गोदी कामगाराच्या वारसांना तर आपल्या पूर्वजावर नेमका काय आरोप आहे, हेही कधी कळले नाही. दुर्घटनेत गेलेल्यांना आपण परत आणू शकत नाही. त्यांच्याविषयी जे सिद्ध झालेले नाही, ते न लिहिणे मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहे.